मुलांच्या संघाचं प्रशिक्षण पहिल्यांदाच घेताय? आधी बोलायचं कसं ते पाहू

मुलांचा संघ पहिल्यांदाच हाती आला की डोक्यात आधी ड्रिल येतात. कोणती घ्यायची, किती फेऱ्या, कुणाला कुठे खेळवायचं. ही तयारी हवीच. पण नवा प्रशिक्षक अडतो तो बहुतेक वेळा दुसरीकडेच. त्याला खेळ येत असतो, बॉल कसा मारायचा हे त्याच्या पायाला पाठ असतं, आणि समोरच्या अकरा वर्षांच्या मुलीला ते दोन वाक्यांत सांगता येत नाही. मग आवाज चढतो, वाक्यं लांबतात आणि मुलं बुटाच्या लेसशी खेळायला लागतात.

मी बरीच वर्षं दहा ते पंधरा वयोगटातल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतोय. इथे लिहिलेलं बहुतेक सगळं कुठल्याही सांघिक खेळाला लागू पडेल. माझी कसोटी एकच आहे: माझं वाक्य ऐकल्यावर मुलाला पुढच्या प्रयत्नात काय करायचं ते कळलं का? कळलं असेल तर ते वाक्य कामाचं, मग ते कौतुकाचं असो की कानउघाडणीचं.

१. मैदानावर जाण्याआधी कागदावर उतरवा

यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत दहा वेळा अमेरिकेतलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ते प्रत्येक सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा छोट्या कार्डावर लिहून खिशात ठेवत. तुम्हीही तसंच कार्ड करा. त्यावर चार गोष्टी पुरेत: आज शिकवायची एकच गोष्ट, त्यासाठीचे दोन-तीन खेळ किंवा ड्रिल, प्रत्येकाची वेळ, आणि त्या गोष्टीसाठी तुम्ही दिवसभर वापरणार तो शब्द. शब्द आधी ठरवणं फार महत्त्वाचं आहे. पास देण्याआधी मान वळवून आजूबाजूला पाहायला शिकवायचं असेल आणि तुम्ही एकदा ‘बघ’, एकदा ‘स्कॅन कर’, एकदा ‘डोकं वर’ म्हणालात, तर मुलांना त्या तीन वेगळ्या सूचना वाटतात.

कार्ड लिहिताना रांगांचा हिशेबही करा. सोळा मुलं एका रांगेत आणि प्रत्येकाला १५ सेकंद म्हटलं, तर पुढची पाळी चार मिनिटांनी येते. वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पाचच प्रयत्न. तीच मुलं चौघांच्या चार गटांत विभागली की पाळी दर मिनिटाला येते, म्हणजे वीस प्रयत्न. ‘मुलं दंगा करतात’ ही तक्रार मी नव्या सहकाऱ्यांकडून नेहमी ऐकतो. बऱ्याचदा ती मुलं नुसती उभी राहून कंटाळलेली असतात. त्यांना ओरडण्यापेक्षा आणखी दोन कोन (खुणेसाठी ठेवायचे शंकू) मांडा आणि रांग तोडा.

२. पहिला दिवस

नावं पाठ करा. पहिल्या आठवड्यात सगळी नावं आली पाहिजेत, आणि मुलाला घरी-मित्रांत ज्या नावाने हाक मारलेली आवडते तेच नाव. मुलं एकमेकांना चिडवायला जी नावं ठेवतात ती तुम्ही चुकूनही वापरू नका. प्रशिक्षकाने एकदा वापरलं की त्या नावाला मान्यता मिळते.

नियम तीनच सांगा. माझे असे आहेत: शिट्टी वाजली की बॉल पायाखाली, कुणी बोलत असेल तर बाकीचे ऐकतात, त्यात मीही आलो, चुकलेल्या साथीदाराला कुणी हसत नाही. तिसरा नियम मोडला की मी दरवेळी खेळ थांबवतो. पहिल्या दोन आठवड्यांत यात हयगय केली तर पुढे तो नियम बसत नाही.

लहानसहान वाटणाऱ्या गोष्टीही शिकवा. वुडन आपल्या खेळाडूंना हंगामाच्या पहिल्याच दिवशी मोजे आणि बूट कसे घालायचे ते दाखवत. मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, आणि फोड आला तर सराव बुडतो. ‘एवढं तर येतच असेल’ असं धरून चाललं की नेमकं ज्या मुलाला येत नसतं ते विचारायला लाजतं.

३. सूचना कशी द्यायची

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला.

आधी उभं राहण्याची जागा. सूर्य तुमच्या डोळ्यांत असावा, मुलांच्या पाठीशी. शेजारच्या मैदानावर सामना चालू असेल तर त्याच्याकडे मुलांची पाठ हवी. सगळी मुलं तुमच्या समोर अर्धवर्तुळात, मागे कुणी नाही. लहान मुलांशी एकट्याने बोलायचं असेल तर एक गुडघा टेकून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या.

मग वेळ. तीस सेकंद, फार तर पाऊण मिनिट. त्यात काय करायचं, ते का करायचं, आणि करून दाखवणं. बाकीच्या बारीकसारीक गोष्टी खेळ चालू असताना एकेकाला सांगता येतात.

मग शब्द. संशोधक गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या सिम्युलेटरवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिकणाऱ्यांपैकी काहींना स्वतःच्या पायांवर लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या यंत्राच्या चाकांवर. चाकांवर लक्ष ठेवणारे जास्त चांगलं शिकले. त्यानंतर अनेक खेळांत हेच दिसलं आहे: शरीराच्या अवयवाकडे लक्ष वेधणाऱ्या सूचनेपेक्षा बाहेरच्या वस्तूकडे, परिणामाकडे लक्ष वेधणारी सूचना सहसा जास्त उपयोगी पडते. मैदानावर याचा अर्थ फार साधा आहे. ‘घोटा कडक ठेव, गुडघा बॉलवर आण, पाय आत वळव’ असं सांगितलं की मूल आपल्याच पायाकडे बघत राहतं आणि बॉल भलतीकडे जातो. त्याऐवजी ‘बॉल गवतावरून घसरत जाऊ दे’ म्हणा. बास्केटबॉलमध्ये ‘कोपर सरळ कर’ऐवजी ‘बॉल रिंगच्या वरून खाली पडू दे’. व्हॉलीबॉलमध्ये ‘मनगट वळव’ऐवजी ‘बॉल त्या मागच्या रेषेवर टाक’.

माझ्याकडे एक डावखुरी मुलगी होती. उजव्या पायाने पास दिला की बॉल हमखास हवेत उडायचा. मी आठवडाभर तिला पाऊल कसं ठेवायचं ते सांगत होतो आणि ती दिवसेंदिवस आखडत चालली होती. शेवटी चार पावलांवर दोन कोन ठेवले, त्यांच्यावर एक हलकी काठी आडवी टाकली आणि म्हटलं, ‘बॉल या दारातून पलीकडे पाठव, काठी पडता कामा नये.’ पहिले तीन पास काठीला लागले. चौथा खालून गेला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, लगेच पाचवा बॉल ओढून घेतला. तिचं पाऊल आपोआप जिथे हवं तिथे आलं होतं. आठवडाभराच्या माझ्या शब्दांनी जे झालं नव्हतं ते त्या काठीने केलं, कारण आता प्रत्येक प्रयत्नानंतर काय बदलायचं ते तिला स्वतःलाच दिसत होतं.

करून दाखवताना बरोबर पद्धत आधी दाखवा, मग चूक कशी होते ते, आणि शेवटी पुन्हा बरोबर. सगळं काही सेकंदांत. चूक दाखवताना कुणा मुलाची नक्कल करू नका.

आणि मग ‘समजलं का?’ हा प्रश्न टाळा. मुलं एका सुरात ‘हो सर’ म्हणतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. एखाद्याला म्हणा, ‘पहिल्यांदा काय करायचं ते दाखव.’ त्याने चुकीचं दाखवलं तर सूचना तुमची कच्ची होती, असं समजून पुन्हा सांगा.

४. चूक झाली की

वुडन यांच्या १९७४-७५च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावांना बसले आणि त्यांनी शिकवण्याच्या २,३२६ कृती टिपल्या. त्यातल्या निम्म्याहून किंचित जास्त निव्वळ सूचना होत्या: काय करायचं, कसं करायचं. नुसतं कौतुक सात टक्क्यांच्या आसपास. वुडन रागावतही, पण रागावण्यापाठोपाठ बरोबर कसं करायचं ते सांगत. ते खेळाडू विद्यापीठातले होते हे लक्षात ठेवा. दहा वर्षांच्या मुलाला कौतुक जास्त लागतं आणि रागावणं खूप कमी. पण चुकीपाठोपाठ पुढचं पाऊल सांगण्याची सवय कुठल्याही वयाला चालते.

मुलांच्या बाबतीतला पुरावा मला जास्त मोलाचा वाटतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी लिटल लीग बेसबॉलच्या प्रशिक्षकांसाठी एक छोटं शिबिर तयार केलं. चांगल्या खेळाबरोबर प्रयत्नालाही दाद द्या, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग सुधारणा सांगा, शिक्षा आणि टोमणे टाळा, असा त्याचा गाभा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, असं शिबिर केलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतली ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली. शिबिर न केलेल्यांच्या संघांत हे प्रमाण २६ टक्के होतं. दोन्ही गटांच्या जय-पराजयात मात्र फरक नव्हता. नवा प्रशिक्षक म्हणून हे आकडे मनाशी धरून ठेवा: फक्त बोलण्याची पद्धत बदलली, आणि मुलं टिकली.

मैदानावर ते कसं दिसतं? गोलकीपरच्या हातून साधा बॉल सुटून गोल झाला आहे. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. पहिले पाच सेकंद तोंड मिटून ठेवा. त्याला चूक कळलेली असते. मग त्याच्या नावाने हाक मारा, हात वर करून ‘ठीक आहे’ अशी खूण करा आणि एकच वाक्य बोला: ‘पुढचा आला की बॉलच्या मागे छाती आण.’ बस. का सुटला, कसा सुटला ही चर्चा सरावाच्या दिवशी. ‘काय करतोयस!’ या वाक्यातून त्याला पुढच्या बॉलसाठी काहीही मिळत नाही, फक्त तुम्ही वैतागला आहात एवढं कळतं.

कौतुकालाही हीच कसोटी. दिवसभर ‘मस्त! भारी! एक नंबर!’ चालू असेल तर थोड्या दिवसांत तो आवाज मुलांच्या कानांना वाऱ्यासारखा होतो. ‘पास देण्याआधी दोनदा मागे बघितलंस, म्हणून ती मोकळी दिसली’ असं म्हटलं तर मूल उद्या पुन्हा मागे बघेल. आणि बॉल गोलात गेला नाही तरी निर्णय बरोबर होता, तर तेही मोठ्याने सांगा: ‘शॉट बाहेर गेला, पण मारायची वेळ अचूक होती.’

धावण्याची शिक्षा देऊ नका. धावणं हा खेळाचा भाग आहे. त्याची शिक्षा केली की मुलांना धावण्याचाच तिटकारा येतो.

५. प्रश्न विचारायला शिका

सगळंच सांगून टाकलं की मुलं प्रत्येक निर्णयाआधी सीमारेषेकडे बघतात. म्हणून खेळ मध्येच थांबवून विचारा: ‘आत्ता मोकळी जागा कुठे आहे?’ ‘तुझ्याकडे दुसरा पर्याय कोणता होता?’ विचारल्यावर गप्प राहा. पाच-सात सेकंदांची शांतता फार लांब वाटते, पण मूल त्या वेळात विचार करत असतं. नेहमी उत्तर देणारी दोन-तीन मुलं असतात. त्यांना म्हणा, ‘तुझं उत्तर राखून ठेव’, आणि मागे उभ्या असलेल्याला विचारा. ‘तू असं का केलंस?’ हा प्रश्न मात्र मुलाच्या कानांना आरोपासारखा लागतो. ‘तुला तिथून काय दिसत होतं?’ विचारलं की ते खरं सांगतं. कधीकधी त्याला जे दिसत होतं ते तुम्हाला बाहेरून दिसलेलंच नसतं.

६. सामन्याच्या दिवशी

बॉल ज्याच्या पायात आहे त्याच्याशी बोलू नका. हा एक नियम पाळला तरी तुमचा संघ बदलेल. ‘पास दे! मार! नको, थांब!’ हे ऐकून मूल तुमच्या आवाजावर खेळतं, आणि सूचना त्याच्या कानांपर्यंत पोचेपर्यंत समोरचा खेळाडू सरकलेला असतो. बोलायचंच तर बॉलपासून दूर असलेल्याशी बोला, तेही सरावात वापरलेल्या त्याच शब्दात.

हाफटाइमला पहिली दोन मिनिटं पाणी आणि श्वास. तोवर तुम्ही कार्ड बघा. मग मुलांना विचारा, त्यांना काय जाणवतंय. त्यानंतर तुमच्याकडून एक चालू ठेवायची गोष्ट आणि एक बदलायची. पाच बदल सांगितले तर एकही होत नाही.

सामना संपल्यावर लांबलचक भाषण नको, हरल्यावर तर अजिबात नको. प्रतिस्पर्ध्यांशी आणि पंचांशी हात मिळवा, पुढच्या सरावाची वेळ सांगा, घरी सोडा. पंचांशी तुम्ही कसं बोलता ते मुलं बारकाईने बघतात आणि पुढच्या आठवड्यात तस्संच बोलतात.

जिंकण्याची ओढ वाईट नाही, मुलांना ती असतेच. पण संशोधक अमांडा विसेक यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना खेळात मजा कशामुळे येते हे विचारून ८१ कारणांची यादी केली, तेव्हा जिंकणं ४८व्या क्रमांकावर होतं. जीव तोडून खेळणं, साथीदारांशी जमणं, प्रशिक्षकाने आदराने वागवणं या गोष्टी वरच्या होत्या.

७. बेंचवर बसलेलं मूल

सगळ्यात अवघड बोलणं हेच. माझा सल्ला: लहान गटांत सगळ्यांना जवळपास सारखा वेळ खेळवा, म्हणजे ही वेळच येणार नाही. मोठ्या गटात निवड करावी लागते, तेव्हा ज्याला वगळलं त्याला संघ जाहीर होण्याआधी बाजूला घेऊन सांगा. फळ्यावरच्या यादीतून ते कळू देऊ नका. कारण एकच आणि खरं द्या, आणि त्यावर काम करायची वाट दाखवा: ‘बचावात परत यायला वेळ लागतोय. पुढचे तीन सराव आपण त्यावरच काम करू, मग बोलू.’ आणि तीन सरावांनंतर खरोखरच बोला. तुम्ही विसरलात तरी तो विसरलेला नसतो.

निवड करताना जन्ममहिनाही बघा. कॅनडात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की आइस हॉकीच्या निवडक संघांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार जास्त असतात. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होत असेल, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो, आणि दहाव्या वर्षी तेवढ्याने उंचीत, ताकदीत बराच फरक पडतो. आपण ते कौशल्य समजून बसतो. शिवाय उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत साधारण बाराव्या, मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, आणि त्या महिन्यांत कालपर्यंत चपळ असलेलं मूल अचानक अडखळायला लागतं. त्याला ‘आळशी झालास’ म्हणू नका. ‘पाय वाढलेत, त्यांची सवय होईल’ एवढं सांगितलं तरी त्याचा जीव भांड्यात पडतो.

८. पालक

हंगाम सुरू होण्याआधी पंधरा मिनिटांची बैठक घ्या. सरावाचे दिवस, खेळण्याच्या वेळेची तुमची पद्धत, आणि दोन विनंत्या: सामना चालू असताना फक्त टाळ्या, सूचना नाहीत, आणि मनात काही असेल तर सामन्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करा, मैदानावर नको. रात्र मध्ये गेली की बोलणं शांतपणे होतं. तक्रार ऐकताना आधी पूर्ण ऐका, आणि दुसऱ्या कुणाच्या मुलाशी तुलना चालू झाली की तिथेच नम्रपणे थांबवा.

९. इथे तडजोड नाही

डोक्याला मार लागला असेल आणि मूल गोंधळलेलं, सुन्न, तोल जाणारं दिसत असेल, डोकं दुखतंय किंवा मळमळतंय म्हणत असेल, तर त्याला बाहेर काढा आणि त्या दिवशी परत उतरवू नका. ‘सर, मी बरा आहे’ हे ऐकायचं नाही. खेळायला मिळावं म्हणून मुलं लक्षणं लपवतात. वारंवार उलटी, शुद्ध हरपणं, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा मानेत दुखणं असेल तर लगेच वैद्यकीय मदत बोलवा, आणि मान दुखत असेल तर त्याला हलवू नका. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सराव नाही, आणि परतणं टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. हंगामाच्या सुरुवातीलाच मुलांना सांगा की डोकं दुखतंय असं सांगणाऱ्याची जागा जाणार नाही. हे आधी सांगितलेलं असेल तरच ती खरं बोलतात.

मुलांशी एकेकट्याने खासगी मेसेजवर बोलू नका. निरोप पालकांसह असलेल्या गटावर पाठवा. एकट्याशी बोलायचं असेल तर मैदानाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर. एखाद्या मुलाने घरच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या त्रासाबद्दल सांगितलं तर शांतपणे ऐका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना त्याच दिवशी कळवा.

१०. सराव संपल्यावर

मैदान रिकामं झालं की कार्डाची मागची बाजू घ्या आणि आज आलेल्या सगळ्या मुलांची नावं आठवतील तशी लिहा. यादी बघायची नाही. पहिली पाच-सहा पटकन येतात: सगळ्यात चांगली खेळणारी, सगळ्यात जास्त दंगा करणारी. मग पेन अडतं. शेवटी आठवलेली दोन-तीन नावं, किंवा आठवलीच नाहीत ती, म्हणजे आज तुम्ही ज्यांच्याशी बोलला नाहीत ती मुलं. ती उद्याच्या कार्डावर सगळ्यात वर लिहा, आणि उद्या ती मैदानावर येताना दिसली की पहिली हाक त्यांना मारा.